टक्का नेमका कशाचा मोजताय?

थोडं मोठं लिहिलंय. ज्यांच्या घरात, नात्यात किंवा शेजारी सेरेब्रल पाल्सीचं (सीपीचं) मूल आहे त्यांनी तरी वाचाच.

मागच्या महिन्यात एका आईने मला विचारलं, "मॅडम, बोर्डाच्या दिवशी त्याला हाताने खाऊ देऊ का नको?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मुलगा नऊ वर्षांचा. दोन्ही पाय आणि उजवा हात कडक, बोलणं अस्पष्ट. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, गेली दोन वर्षं आम्ही त्याच्या डाव्या हातावर काम करतोय. सुरुवात घट्ट खिचडीपासून केली, कारण ती हाताला चिकटते, सांडत नाही. मग दहीभात. आता दुधात कुस्करलेली भाकरी. पंचवीस मिनिटं लागतात, अर्धं शर्टावर जातं, पण तो स्वतः खातो. मागच्या दिवाळीत बहिणीच्या ताटातली चकली त्याने पळवली तेव्हा आईने मला रात्री साडेनऊला फोन केला होता.

आणि आता तीच आई विचारत होती की हे लपवू का. प्रमाणपत्राची मुदत संपलीय, नूतनीकरण आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत कुणीतरी तिला सांगितलं, डॉक्टरांसमोर पोरगं काही करताना दिसलं की टक्का उतरतो. टक्का उतरला की संजय गांधी निराधारचे पैसे अडकतात, एसटीत सोबत्याची सवलत जाते. खरंखोटं माहीत नाही, पण घाबरायला तेवढं पुरतं.

मी तिला म्हटलं, "ताई, खाऊ दे. ते विचारणारच नाहीत. त्यांच्या फॉर्मवर जेवण नाहीये."

तिला धीर द्यायला म्हटलं. घरी आल्यावर माझं मलाच ते वाक्य टोचायला लागलं.

आता जरा मुळात जाऊ. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सीपीला चलनवलनाच्या अपंगत्वात टाकलं होतं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, ते चांगलंच झालं. पण सीपी तिथेच राहिली, चलनवलनाच्या डब्यात. म्हणजे हा मुळात मेंदूचा प्रश्न, पण कागदावर तो हातापायाचा. मग मोजायचं कसं? तर हातापायाचंच मोजा. सांधा किती वाकतो, स्नायूत किती जोर आहे, पकड कुठल्या प्रकारची होते, याची टक्केवारी काढा. पायाच्या स्थैर्यासाठी नऊ गोष्टी आहेत: सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन पायांवर उभं राहणं, बाधित पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघ्यावर बसणं, वळणं. प्रत्येकी दहा. एकूण नव्वद.

या यादीला मी नावं ठेवणार नाही. उलट उकिडवं बसणं आणि मांडी घालणं तिच्यात आहे, हे कुणीतरी आपल्याकडचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलं असणार. परदेशी तक्त्यांत हे शोधून सापडत नाही. पण हा सगळा साचा पोलिओ झालेल्या, पाय गमावलेल्या, हाड मोडलेल्या माणसासाठी चपखल बसतो. पोलिओने गेलेला पाय सकाळी जसा असतो तसाच संध्याकाळी असतो. सीपीच्या मुलाचं शरीर तसं नसतं. ते घाबरलं की कडक होतं. आनंद झाला तरी कडक होतं. अनोळखी खोलीत, पंख्याच्या आवाजात, चार तास रांगेत काढल्यावर जे मूल डॉक्टरांना दिसतं, ते घरातलं मूल नसतंच. काही मुलं तिथे आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. काही मुलं, विशेषतः चालणारी आणि गोड हसणारी, आहेत त्यापेक्षा फार बरी दिसतात. "हा तर चालतोय की!" हे वाक्य मी किती आयांच्या तोंडून ऐकलंय, बोर्डातून बाहेर आल्यावर, रडत. चालतो हो. पण चालत संडासपर्यंत जाऊन पुढे काय? चड्डी त्याला काढता येत नाही, बसता येत नाही, धुता येत नाही. ही तीन कामं कुठल्या सांध्याच्या रकान्यात लिहायची?

बरं, पाय, हात, दृष्टी, बुद्धी असं एकापेक्षा जास्त असेल तर आकडे जोडायला एक सूत्र आहे. मोठा आकडा तसाच घ्यायचा आणि लहान आकड्याला, नव्वदातून मोठा वजा करून जे उरतं त्याने गुणून नव्वदने भागायचं, ते मोठ्यात मिळवायचं. म्हणजे साठ आणि तीस असेल तर बेरीज नव्वद नाही, सत्तर. दुसऱ्या अपंगत्वाच्या तीसचे दहाच उरले. बेरीज हाताबाहेर जाऊ नये म्हणून हे गणित आहे, ते मला कळतं. पण त्याचा अर्थ बघा. पहिलं अपंगत्व जितकं मोठं, तितकं दुसऱ्याचं वजन कमी. घरात याच्या बरोब्बर उलट घडतं. ज्याला चालता येत नाही पण बोलता येतं तो "आई, शी आली" म्हणून हाक मारतो. ज्याला चालताही येत नाही आणि बोलताही येत नाही, तो तसाच पडून राहतो, कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत. इथे दुसरं अपंगत्व पहिल्याला गुणतं. सूत्र त्याला भागतं.

आता मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगते. रोजचं जगणं मोजता येत नाही असं नाही, आणि सरकारला ते माहीत नाही असंही नाही. मानसिक आजाराचं प्रमाणपत्र देताना 'आयडियाज' नावाची आपल्याच देशात तयार झालेली मोजपट्टी वापरतात. तिच्यात काय विचारतात? स्वतःची काळजी स्वतः घेतो का, लोकांशी नीट राहतो का, बोलणं-समजणं कसं आहे, काम करतो का. बौद्धिक अक्षमतेसाठी नुसता बुद्ध्यांक बघत नाहीत, व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल लावतात. मूल स्वतः पाणी पितं का, कपडे घालतं का, एकटं शेजारी जातं का, असे प्रश्न. आणि ही मोजपट्टी भारतीय घरांसाठी कुठे बेतली गेली? नागपूरला! डॉ. मालिन यांनी. म्हणजे महाराष्ट्रात बसून कुणीतरी दशकांपूर्वी अमेरिकन प्रश्नांचे आपल्या घरातले प्रश्न केले, ते देशभर वापरले गेले, आणि सीपीच्या पोरापाशी आलो की आपण गुडघा किती अंशात वाकतो ते बघत बसतो. दिव्यांगत्व मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ मध्ये नव्याने आली, २०२४ मध्ये परत सुधारली. बोर्डाच्या खोलीतली पाच मिनिटं मात्र मला बदललेली दिसली नाहीत.

जगात काय चाललंय तेही सांगते, कारण "मॅडम, हे सगळं अवघड असतं" असं मला तोंडावर सांगितलं जातं. अवघड काही नाही. १९९७ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लोकांनी जीएमएफसीएस नावाची पाच पातळ्यांची वर्गवारी केली. पहिल्या पातळीतलं मूल चालतं, धावतं, तोल थोडा कच्चा. पाचव्यातल्या मुलाला मानसुद्धा आधाराशिवाय धरता येत नाही. पुढे तशाच पाच-पाच पातळ्या हातांच्या वापरासाठी (२००६), संवादासाठी (२०११), खाण्यापिण्यासाठी (२०१४) तयार झाल्या. या चारही वर्गवाऱ्यांचा आत्मा एकच: मूल रोज, नेहमीच्या ठिकाणी, साधारणपणे काय करतं? एखाद्या दिवशी जास्तीत जास्त काय करू शकेल हे नाही. मूल आणि आई ओळखीची असतील तर चारही मिळून दहा मिनिटांचं काम. चार आकडे, प्रमाणपत्रावर एक ओळ. "चालणं चार, हात तीन, संवाद चार, खाणं दोन." शाळेतल्या बाईंना या एका ओळीतून जे कळेल ते "७५ टक्के" यातून जन्मात कळणार नाही.

त्या टक्क्याचा मात्र केवढा बडेजाव. चाळीसच्या खाली पांढरं कार्ड, चाळीस ते ऐंशी पिवळं, ऐंशीच्या वर निळं. आयकरातली वजावटही चाळीस आणि ऐंशी याच दोन खुंट्यांवर टांगलेली. पण कार्डाचा रंग कुठलाही असो, या मुलाला दिवसातून किती तास माणूस लागतो, हे त्यावर कुठेच नसतं. सगळी योजना खरं तर त्याच एका प्रश्नावर उभी राहायला हवी होती.

नाही म्हणायला शिबिरं होतात. एका शिबिरात मी उभी होते. अकरा वर्षांच्या मुलीला हाताने चालवायची तीनचाकी सायकल दिली. टक्का भरत होता, यादीत नाव होतं, फोटो झाला, हार झाले. तिचे दोन्ही हात इतके कडक की मुठी उघडत नाहीत. ती पॅडल कशाने फिरवणार होती? तिला हवी होती मागे आधार, बाजूला आधार आणि पुढे ट्रे असलेली खुर्ची, म्हणजे ती जेवताना सरळ बसली असती आणि घास श्वासनलिकेत गेला नसता. ती सायकल आज त्यांच्या गोठ्यात आहे, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या ठेवतात. कुणी एकाने जरी विचारलं असतं, "ही जेवते कशी?", तर सरकारचे तेच पैसे कामी आले असते.

आता माझ्या बिरादरीला चार शब्द. सगळं सरकारवर ढकलून मोकळं होता येणार नाही.

आम्ही थेरपिस्ट लोक मोजतो, पण कुणासाठी मोजतो? कित्येक केंद्रांच्या वार्षिक अहवालात मी वाचलंय, "इतकी मुलं जीएमएफसीएस चारवरून तीनवर आली." देणगीदार खूश. अहो, ती वर्गवारी आहे, प्रगतिपुस्तक नाही! मूल कुठल्या गटात आहे हे सांगायला ती केलीय आणि बहुतेक मुलं वाढताना आपापल्या पातळीतच राहतात. २००२ मध्ये त्याच कॅनडाच्या गटाने साडेसहाशेहून जास्त मुलांवरून आलेख काढले. सगळ्यात सौम्य पातळीतली मुलंसुद्धा साधारण पाच वर्षांची होईपर्यंत त्यांची हालचालींची नव्वद टक्के मजल गाठतात, सगळ्यात तीव्र पातळीतली तर तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत. हे कळल्यावर दहा वर्षांच्या मुलाच्या आईला "अजून दोन वर्षं रोज व्यायाम करा, चालेल तो" असं सांगून पैसे घेणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. चालण्याची मजल थांबते म्हणून जगणं थांबत नाही. योग्य खुर्ची, चित्रांचा तक्ता, नाडीऐवजी इलॅस्टिक, जाड मुठीचा चमचा, भिंतीला एक दांडी, यांनी दहाव्या वर्षीच काय, विसाव्या वर्षीही रोजचं जगणं बदलतं. फक्त ते बघायला गुडघ्यावरून नजर उचलायला लागते.

दुसरं, आमच्या चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या मोजपट्ट्या. पेडी ही १९९२ ची, अमेरिकन. तिच्यात काट्याने खातो का, सुरी वापरतो का, बाथटबमध्ये उतरतो का, असं विचारलेलं. वीफिममध्येही टब आणि शॉवर आहेच. मी शिकाऊ असताना प्रामाणिकपणे टब-शॉवरला शून्य मार्क देत बसायचे, कारण घरात टब नाही. मोरी, बादली, तांब्या. पाटावर बसून तोल सांभाळत डोक्यावर तांब्या ओतणं हे टबमध्ये उतरण्यापेक्षा सोपं की अवघड, याचं उत्तर कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. भारतीय संडासावर बसणं, एका हाताने पोळीचा तुकडा तोडणं, वरणभात कालवणं, पायरीवर चपला काढून आत येणं, एसटीची पहिली उंच पायरी. आपल्या मुलांचा दिवस यात जातो. मराठीत, आपल्या घरातल्या कामांची, जिल्हा रुग्णालयातल्या कुणालाही वापरता येईल अशी मोजपट्टी पक्की करून देणं हे आमचं काम होतं. मालिनसाहेबांनी नागपुरात करून दाखवलं, आणि आम्ही अजून इंग्रजी फॉर्मची झेरॉक्स काढतोय.

आणि तिसरं. आईला बोलणं बंद करा. "क्लिनिकमध्ये तो बटण लावतो, घरी तुम्ही लावता, म्हणजे तुम्हीच त्याला परावलंबी करताय." हे मी ऐकलंय, एकेकाळी मीही बोललेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या आयसीएफमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्यात: क्षमता, म्हणजे जमतं का, आणि प्रत्यक्ष कृती, म्हणजे रोज होतं का. दोन्हींमधला फरक हा आळस नसतो. रिक्षा पावणेसातला येते. सहा बटणं लावायला त्याला अठरा मिनिटं लागतात. घरात पाणी साडेपाच ते सहा येतं. दुसरं मूल शाळेत जायचंय, सासऱ्यांचा चहा व्हायचाय. आई बटण लावते कारण तिच्याकडे अठरा मिनिटं नाहीत. मोजायचंच असेल तर त्या अठरा मिनिटांना मोजा. शाळेची वेळ, रिक्षा, पाणी, मदतीला दुसरं माणूस, ही सगळी त्या मुलाच्या अपंगत्वाचीच मापं आहेत.

आता नेहमीचा आक्षेप. "असं आईला विचारून टक्का द्यायला लागलो तर बोगस लोक घुसतील." २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून महाराष्ट्रात केवढं रान उठलं ते आठवतंय ना? त्यानंतर प्रत्येक अपंग माणसाकडे चोर असल्यासारखं बघणं वाढलंय. पण जरा विचार करा. ज्या बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण वाचतो ती आजच्याच पद्धतीतून निघालेली आहेत. पाच मिनिटांत एक आकडा आणि एक सही, याच्याइतकं विकायला सोपं काही नाही. याउलट अख्खा दिवस खोटा रचणं महाकठीण. सकाळी उठवतं कोण, दात घासतं कोण, संडासला कितीदा जातो, शाळेत डबा कोण भरवतं, रात्री कुशीवर स्वतः वळतो का. अर्धा तास असं विचारा, आणि हेच अंगणवाडीताईंना, वर्गातल्या बाईंना, आशाताईंना विचारा. उत्तरं जुळतील किंवा फसतील. मला वीस वर्षांत खोटं बोलणाऱ्या आया फार कमी भेटल्या. जास्त भेटल्या त्या मुलगा काय काय करतो हे वाढवून सांगणाऱ्या. आपलं पोर कमी करतं हे कबूल करणं आईला किती जड जातं, ते या लोकांना माहीतच नाही. आणि आपण तिला अशा कोपऱ्यात ढकललंय की पैसे टिकवायचे तर तिने पोराचं कौतुक लपवावं.

"वेळ नाही, माणसं नाहीत." हा आक्षेप खरा आहे, तो मी मानते. एका सकाळी ऐंशी माणसं तपासणाऱ्या डॉक्टरांना अर्धा तास कुठून मिळणार? पण डॉक्टरांनी करायचं हे कामच नाही. जिल्हा रुग्णालयांत बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे थेरपिस्टची पदं आहेत. ती भरा. बोर्डाच्या आठवडाभर आधी त्यांनी आईशी बोलून एक पान तयार करावं, डॉक्टरांनी ते वाचून मग तपासावं. आणि कायदा बदलायचीही गरज नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम ३८ म्हणतं की ज्याला जास्त आधाराची गरज आहे त्याने अर्ज करावा, मंडळाने गरज तपासावी आणि तसा आधार द्यावा. गरज! हा शब्द कायद्यात छापून ठेवलाय. माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी एकालाही कुणी हे कलम सांगितलेलं नव्हतं.

तोवर, ज्यांची मुलं येत्या काही महिन्यांत बोर्डापुढे जाणार आहेत त्यांनी एवढं करा. एका पानावर मुलाचा एक दिवस लिहा, उठल्यापासून झोपेपर्यंत. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी: स्वतः किती करतो, तुम्ही किती करता, किती मिनिटं लागतात. सुटीचा दिवस नको, शाळेचा घ्या. रात्री कितीदा उठावं लागतं तेही लिहा, ते सगळे विसरतात. शाळेतल्या बाईंची सही घ्या. दोन प्रती काढा, एक अर्जाला जोडा, दुसरीवर पोचचा शिक्का मागा. शिक्का देत नाहीत, माहितीय. तरी मागा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या भावंडाला सांगा, ती छान लिहितात.

त्या ताईंनीही असं पान नेलं होतं. बुधवारी गेले. साडेनऊला नंबर लावला, दुपारी दीडला आत बोलावलं. टक्का होता तेवढाच आला. पान डॉक्टरांनी उलटं करून बघितलं आणि परत दिलं. डबा त्याने व्हरांड्यात बसून स्वतः खाल्ला, दहीभात, पंचवीस मिनिटं.